चिखलातली शीव

आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याचं कोणी ऐकत नसे. आईनं ते हौसेनं मुंबईहून मागवलं होतं. बाबांनीच ते आपल्या शिडाच्या मचव्यातून गोधडीत गुंडाळून आणलं, भिंतीला खिळा ठोकून टांगलं आणि त्यानंतर जन्मात कधी त्याला किल्ली दिली नाही. बाबांचं घड्याळ खाडीत होतं. पाणी चढायला लागलं की ते उठत, भरलं की जेवत आणि उतरलं की झोपत. आता भरती काही रोज एकाच वेळेला येत नाही, ती थोडी थोडी पुढे सरकते. त्यामुळे आमच्या घरातलं जेवणही पुढे सरकत जाई, आणि अधूनमधून असा दिवस येई की उन्हं कलली तरी आई झाकलेल्या भाकऱ्यांपुढे ताटकळत बसलेली असायची. "भूक पन पान्याला इचारून लागते कं तुमाला?" असं ती विचारी. बाबा त्यावर शांतपणे हो म्हणत. त्यांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

घर होतं पनवेलच्या बंदरावर, वखारींच्या मागच्या बाजूला. आज त्या जागी उभं राहून मी कोणाला सांगितलं की इथे शिडाची गलबतं लागत होती, तर लोक माझ्याकडे दयेनं बघतात. म्हातारीला भास होतात म्हणावं, तसं. पण तेव्हा घाटावरून आलेल्या बैलगाड्यांची रांग बाजारापासून धक्क्यापर्यंत लागायची. तांदूळ, वाल, मीठ, गवत मुंबईकडे जायचं आणि तिकडून कौलं, कापड, रॉकेल यायचं. कौलं उतरवताना माणसं ओळीनं उभी राहत आणि हातोहात कौलं पुढे देत. प्रत्येक कौलाला एकेक हुंकार. तो हुंकार दुपारभर चालू असे आणि मला त्याच्यावरच झोप लागायची. वखारींतून ओल्या गोणपाटाचा वास येई, धक्क्यावरून डांबराचा, आणि आमच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या सुक्या बोंबलांचा. हे तिन्ही वास एकत्र आले की मला आजही भूक लागते. आता ते एकत्र येत नाहीत, ही माझ्या तब्येतीच्या दृष्टीनं बरी गोष्ट म्हणायची.

बाबांचा स्वतःचा मचवा होता. मचवा फार मोठा नव्हता, पण बाबांचा रुबाब मोठ्या गलबताच्या मालकाचा होता, कारण पनवेलच्या खाडीचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. व्यापारी माल भरण्याआधी त्यांना विचारत, लाँचवाले विचारत, आणि तिवरांत चिंबोऱ्या धरायला जाणाऱ्या बायका तर आमच्या ओट्यावरूनच हाक मारत, "जोमादादा, पानी कवा हाय?" बाबा मिशीवरून बोट फिरवत आणि मगच सांगत. कुठून कळतं, हे कोणी विचारलं तर म्हणत, "वास येतो." वास कशाचा येतो हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घरातल्या माणसांचीही त्यांनी पाण्यावरच वाटणी केली होती. माझी मोठी बहीण यमुना, जिला आम्ही सगळे बाय म्हणायचो, ती भरतीला जन्मलेली, म्हणून भरल्या अंगाची आणि भरल्या मनाची. मी शेवंती, ओहोटीची. त्यामुळे माझ्या पोटात काही म्हणून राहत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यादेखत सांगत. दुर्दैवानं ते खरंच होतं. आईनं शेजारणीबद्दल काढलेला शब्द शेजारणीला माझ्याकडूनच कळायचा.

बायचं लग्न ठरलं ते उरणला. सोयरे तालेवार होते. व्याह्यांचं नाव हिराजी, आणि त्यांची होडी आमच्या मचव्याच्या दुप्पट, खोल समुद्रात जाणारी. माणूस उंचापुरा, आवाज असा की किनाऱ्यावरून बोलला तर होडीतल्यांनी मान वळवावी. मुलगा मात्र गरीब स्वभावाचा होता. बायला तो पाहताक्षणी आवडला, आणि हे तिनं फक्त मला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला माहीत झालं. अडचण एकच होती. दोन्ही व्याह्यांना पाण्याचा अभिमान होता. पहिल्याच भेटीत हिराजी आमच्या खाडीबद्दल म्हणाले, "तुमची खारी म्हंजे आमच्या दारातली मोरी." बाबा म्हणाले, "मोरीत पन पाय घसरतो, याही." दोघंही हसले, पण आईनं मला नंतर सांगितलं की तिला त्या हसण्याची भीती वाटली.

मुहूर्त गोरजाचा निघाला आणि वऱ्हाड होडीनं येणार असं ठरलं. शेवटची बोलणी करायला बाबा उरणला गेले तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. चहापाणी झाल्यावर बाबांनी हिराजींना किनाऱ्यावर फिरायला म्हणून बाजूला नेलं. मी होतेच शेपटासारखी मागे. चारचौघांत दर्यावरच्या माणसाला पाणी शिकवलं तर त्याचा पाणउतारा होतो, एवढी समज बाबांना होती. तिथे वाळूत उभं राहून त्यांनी एकच गोष्ट नीट सांगितली. उरणला पाणी अर्ध्यावर चढलं की निघा. भरायची वाट बघू नका, जेवण बरोबर घ्या आणि होडीत जेवा, कारण आमच्या खाडीत पाणी उशिरा पोचतं आणि पोचलं की थांबत नाही. हिराजींनी समुद्राकडे बघत "बरं, बरं" म्हटलं. ते "बरं" मी ऐकलं होतं. शाळेत बाई काही सांगायच्या तेव्हा मीही तसंच म्हणायची.

लग्नाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. परसात चुली पेटल्या होत्या, मोठ्या टोपात वालाचं बिरडं रटरटत होतं, बाय हळदीनं पिवळी होऊन कोपऱ्यात बसली होती. आमच्याकडे लग्न लावताना धवलारीण लागते. गावच्या शिवेवर नवऱ्याला ओवाळण्यापासून ती गाणी गाऊन एकेक विधी पार पाडते आणि तिच्या गाण्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही असा रिवाज आहे. आमची धवलारीण बामीआय. वय झालेलं, नजर अधू, पण आवाज खणखणीत आणि स्वभाव त्याहून. ती सकाळपासून तंबाखू मळत "नवरा कवा यवाचा?" असं विचारत होती. बाबा नवं धोतर नेसून धक्क्यावर उभे होते. पाणी आलं, भरलं, धक्क्याच्या दगडांना लागलं. वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. मग पाणी दगडांवरून खाली उतरलं आणि बाबांनी मिशीवरून फिरवायला उचललेलं बोट तसंच खाली घेतलं.

होडी दिसली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वळणापलीकडे तिवरांच्या वर शीड दिसलं, सनई ऐकू आली, आणि बायका दारातून धावत बाहेर आल्या. शीड वाऱ्यानं फुगलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. बाबा म्हणाले, "बसली." एवढंच. होडी खाडीच्या मधोमध गाळात रुतली होती आणि आजूबाजूचं पाणी बघता बघता निघून चाललं होतं. पुन्हा पाणी येणार ते ऐन मध्यरात्रीनंतर. गोरज त्याच्या कितीतरी आधी टळणार. धक्क्यावर जमलेल्यांत आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. उरणचे दर्यावर्दी पनवेलच्या मोरीत अडकले होते. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. आता जोमादादा काय बोलतात, याची वाट बघत होते लोक. मला खात्री आहे, बाबांच्या जिभेवर त्या वेळी अशी अशी वाक्यं तयार होती की बंदरानं ती वर्षानुवर्षं पुरवून खाल्ली असती.

तेवढ्यात होडीतला एक खलाशी मांडीभर चिखल तुडवत काठाला आला आणि त्यानं निरोप सांगितला. हिराजीबाबा सगळ्यांकडे पाठ करून बसलेत, कोणाशी बोलत नाहीत. नवऱ्याची आत्या म्हणते आहे की शकुन वाईट झाला, पोरीच्या गावची शीवच आपल्याला आत घेत नाही. हिराजीबाबा म्हणतात, नवरा चिखलात उतरणार नाही, पाणी आलं की होडी मागे फिरवायची. लग्नाच्या दिवशी परत गेलेलं वऱ्हाड पुन्हा येत नाही, आणि हळद लागलेल्या मुलीला त्यानंतर कोण विचारतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पळत घरात गेले आणि बायला सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "बाबा काय बोल्ले?" तिला चिखलापेक्षा बाबांच्या जिभेची धास्ती जास्त होती.

आई बाबांपाशी गेली. एरवी ती चारचौघांत त्यांच्याशी बोलत नसे. ती म्हणाली, "एक शब्द बोलू नका. पोर त्यांच्या घरात नांदवाची हाय." बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी धोतर वर खोचलं, वखारीतल्या माणसांना माल चढवायच्या फळ्या आणायला सांगितल्या आणि बामीआयला हाक मारली. "मी चिखलात यवाची नाय," बामीआय म्हणाली. "नवरा तिकरं हाय," बाबा म्हणाले. बामीआयनं तंबाखू थुंकली आणि लुगडं वर घेतलं. मी करवली, म्हणून नवऱ्याला ओवाळायचं ताट माझ्या हातात आलं. त्यात निरांजन, हळदकुंकू, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. फळ्या पुरेशा नव्हत्या. चिखलात थोड्या अंथरायच्या, त्यावरून पुढे जायचं आणि मागच्या उचलून पुढे टाकायच्या, असं करत आम्ही निघालो. मध्येच माझा पाय फळीवरून घसरला आणि परकर गुडघ्यापर्यंत गाळात गेला, पण ताट मी वर धरलं. त्याचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवते.

होडी एका अंगावर कलली होती. तिच्यात नटलेली माणसं एकमेकांना धरून बसली होती आणि सनईवाला काय करावं न सुचल्यामुळे वाजवतच होता. हिराजी खरोखरच पाठ फिरवून बसले होते. बाबांनी हाक मारली तेव्हा ते वळले. तसा चेहरा मी नंतर फार थोड्या माणसांचा पाहिला. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं, ती सगळ्यांसमोर उघडी पडणार हे कळत होतं, आणि तसं झालं तर ते होडी घेऊन परत जाणार होते. आत्या होडीच्या काठावरून ओणवून म्हणाली, "काय हो, येल काय सांगलेली तुमी? पोराला मारवाला बोलावलात कं?"

बाबा चिखलात उभे होते. नवं धोतर मांडीपर्यंत काळं झालेलं. ते मोठ्यानं, सगळ्या होडीला ऐकू जाईल असं बोलले. "माजी चूक झाली. मीच सांगलं, पानी पुरं भरू द्या, मंग निगा. याही बोलत होते लवकर निगतो म्हनून. मीच आयकलं नाय."

मी तोंड उघडलं. "पन बाबा, तुमी तर—" एवढे शब्द बाहेर पडले असतील नसतील, बाबांनी ताटातला गुळाचा खडा उचलला आणि माझ्या तोंडात कोंबला. अख्खा. नवऱ्यासाठी ठेवलेला खडा तो, चांगला लिंबाएवढा. माझे डोळे पांढरे झाले. बाबांनी माझ्याकडे न बघता पुढचं वाक्य बोलून टाकलं, "चूक माजी, मंग शीव पन मीच तुमच्यापाशी आनतो. आज आमच्या गावची शीव हीच. इकरंच नवऱ्याला ओवालू. बामीआय, सुरू कर." बामीआयनं चिखलात पाय रोवले आणि शिवेवरचं गाणं सुरू केलं. एकही कडवं गाळलं नाही. ती गात असताना हिराजी बाबांकडे बघत होते. आत्याकडे नाही, मुलाकडे नाही, नुसते बाबांकडे. उरणच्या किनाऱ्यावर बोलणं झालं त्या दिवशी आम्ही तिघंच होतो, आणि त्यातल्या तिसऱ्याचं तोंड गुळानं भरलं होतं. गाणं संपलं तसे ते उठले, होडीतून खाली उतरले, त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बरं. पनवेलच्या मानसाला पानी समाजत नाय, त्याला आपन तरी काय करनार? चला."

नवरा फळ्यांवरून चालत गेला, त्याच्या मागे आत्या, मागे वऱ्हाड, सनई. सगळ्यात शेवटी दोघे व्याही. ओळीच्या मागची फळी उचलायची आणि माणसांच्या हातोहात पुढे पाठवायची, कौलं पुढे द्यायची तशी. प्रत्येक फळीला एकेक हुंकार. फळीचं एक टोक बाबांच्या हातात आणि दुसरं हिराजींच्या, असे ते काठापर्यंत आले. सूर्य तिवरांना टेकला तेव्हा अंतरपाट धरला गेला. मंडपात निम्म्या वऱ्हाडाचे पाय चिखलाचे होते आणि अक्षता त्या पायांना चिकटून बसल्या. नवऱ्याला गूळ मात्र मिळाला नाही. तो आजही, म्हातारपणी, ते मला ऐकवतो.

बायचं सासर सोन्यासारखं निघालं. उरणच्या त्या घरात तिला कोणी उंच आवाजात बोललेलं हिराजी खपवून घेत नसत. हंगामातला पहिला मोठा पापलेट आमच्या घरी यायचा. आणि येताना त्यासोबत टोमणाही यायचा. हिराजी कधीही पनवेलला आले की धक्क्यावरूनच, दहा माणसांत, ओरडून विचारत, "काय याही, पानी कवा हाय?" बाबा म्हणत, "तुमी सांगाल तवा." लोक हसत. ही थट्टा सगळ्या बंदरात पसरली. चिंबोऱ्यांवाल्या बायकाही विचारताना हसू लागल्या आणि व्यापारी बाबांना विचारून पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेऊ लागले. ते बाबांना लागत असे. त्या दिवसांत ते ओट्यावर उगाच बसून असत. आई तर त्यांना घालूनपाडून बोलायची, "सगल्या जगाला येल सांगता आनि पोटच्या पोरीच्या लग्नात चुकवलीत." आईलाही त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. का नाही, ते मला पुढे माझा संसार झाल्यावर कळलं. आईला कळलं असतं तर एखाद्या दिवशी रागात तिच्या तोंडून गेलं असतं आणि ते बायच्या सासरी पोचलं असतं. मी शेजारी बसून भाकरी मोडत असे आणि ते खरं माझ्या घशाशी येई. बाबा नुसतं फळीवरच्या गुळाच्या डब्याकडे बघत. मी गिळून टाकत असे. पुढे पुढे तर आई बोलायला लागली की मी आपणहून उठून डबा उघडायची. ओहोटीच्या पोरीच्या पोटात राहिलेली ती बहुधा एकच गोष्ट.

पुढे खाडी गाळानं भरत गेली. रस्ते झाले, एस.टी. आली, माल ट्रकनं जायला लागला, आणि बाबांचा मचवा काठावर उपडा पडून राहिला. आता तर पलीकडे एवढं थोरलं बंदर झालंय की उरणला जाताना जासईच्या रस्त्यावर कंटेनरांच्या मागे आमची रिक्षा तासन्तास उभी राहते. नातू मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवतो. मी वास घेऊन बघते. मला काही येत नाही.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा बाय आधीच येऊन राहिली होती. तिचे सासरे एस.टी.नं येतील असं आम्ही धरून चाललो होतो. एका दुपारी ओट्यावरून कोणीतरी हाक मारली की धक्क्याला होडी लागली आहे. होडी लागण्याचे दिवस तेव्हा सरले होते, त्यामुळे आम्ही सगळ्या बाहेर धावलो. हिराजी होडीतून नीट, कोरड्या पायांनी धक्क्यावर उतरत होते. पाठीत वाकले होते, काठी घेऊन चालत होते. ते आत आले, बाबांच्या उशाशी बसले आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "पानी अर्ध्याव आलं तवाच निगालू. जेवन होरीत केलं."

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जरा उशीर केलात."

हिराजी हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "कंचा उशीर? काय चाललंय तुमचं?" ती म्हणाली. बायही दारात येऊन उभी राहिली होती. हिराजींनी माझ्याकडे मान वळवली. "पोरी, तू होतीस ना तवा वालूत? आता सांग यांना. सगल्यांसमोर सांग, येल काय सांगलेली तुज्या बापानं. मी बसलू हाय इकरं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीची कड हलली. पाहुण्यांसाठी आईनं आणून ठेवलेलं गूळपाणी समोरच होतं. मी पुढे झाले, त्यातला सगळ्यात मोठा खडा उचलला आणि आपल्याच तोंडात टाकला.